बोटीच्या पोटातल्या फोमविषयी सुलाआत्यास

आदरणीय सुलाआत्या यांस,

इथून तुमच्या मानवतपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं धम्मदीपचा जय भीम. तुमचे गुडघे काय म्हणतात? मामांचा खोकला गेला का, की अजून सकाळी गल्ली उठवतो? आमी सगळे इकडे खुशाल. फक्त माझा फोन येलदरी धरणाच्या तळाशी हाय, म्हणून पत्र. (फोनवर तुमी मला बोलू देत नाही हेही कारण हाय, पण ते रागानं लिहीत नाही.)

परभणीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात मी कॉलेज सोडलं हे तुमाला माहीत हाय. प्रॅक्टिकलच्या सरांशी वाद झाला, चूक त्यांची होती, विषय बंद. तर मी आणि मल्हारी (तोच, शेळ्यावाला) दोघांनी मिळून मोटारबोट घ्यायचं ठरवलं. गाव धरणाच्या अलीकडं, बाजार आणि दवाखान्याचं उपकेंद्र पलीकडं. रस्त्यानं वळसा घालून दीड तास, पाण्यातून दहा मिनिटं. त्या उपकेंद्रात सुकेशनी नर्स हाय, हा योगायोग. ती आमच्या शाळेतल्या पंडित सरांची मुलगी, हा दुसरा योगायोग. बोटीची पहिली फेरी झाली की सरांकडं तिला मागणी घालायची असं मी मनात पक्कं केलं होतं, हा मात्र योगायोग नव्हे.

दलालानं दोन जुन्या फायबरच्या बोटी आणल्या. एक लाल, सडपातळ, टोकदार. उभी असली तरी पळायली असं वाटावं. दुसरी पांढरी, रुंद, थेट जनावराच्या गव्हाणीसारखी. तिच्या बाकाखाली आणि दोन्ही बाजूंना फोम ठासून बंद केलेले कप्पे होते, म्हणजे बोट पाण्यानं भरली तरी बुडत नाही. मी म्हणलं, बुडायची तयारी करून कोणी घराबाहेर पडतं का? लालीच्या बाकाखाली तेवढ्याच जागेत सहा पोती मावतात. आणि माणसाच्या अंगात तरंगायचं जॅकेट असताना बोटीला वेगळं जॅकेट कशाला? पंडित सर रिटायर झालेत, पण विज्ञान अजून रिटायर झालं नाही. ते सांगायला लागले की जॅकेट घातलेली दहा माणसं वाऱ्यात दहा दिशांना जातात, त्यांना गोळा कोण करणार? बोट वर राहिली तर सगळे तिला धरून राहतात आणि लांबून दिसतात. शिवाय इंजिनाचं वजन मागं, म्हणजे पाणी शिरलं की शेपटीकडून खाली. सुकेशनीनं मान हलवली. सरांच्या बाजूनं. माझं डोकं तिथंच फिरलं.

"सर, बोट चालवणारा मी हाय," मी म्हणलं.

"त्याचीच काळजी आहे," सर म्हणाले.

मल्हारीचं मत पडलं की शेळीसुद्धा कमरेतून उचलून, दात बघून घेतात, मग बोट नुसती बघून कशी घ्यायची? बोटीचे दात सापडेनात, म्हणून सुकेशनीनं सुचवलं की दोन्हींची तळातली बुचं काढून बघा. काठापासून वीस हातांवर दोन्ही बोटी शेजारी शेजारी लावल्या. पांढरीत मल्हारी, सुकेशनी आणि चार शेळ्या (पुढं बाजाराला त्याच जाणार, मग त्यांचंही मत घ्या, असं मल्हारी म्हणला). लालीत मी एकटा, उभा, छाती काढून. जॅकेट रागानं काठावर ठेवलेलं.

आत्या, बुचं काढली आणि चहाचा एक कप संपायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात लाली गेली. सरांनी सांगितलं तशीच, आधी शेपटी, मग नाक वर करून, लय ऐटीत. पांढरी काठोकाठ भरली आणि तिथंच थांबली. शेळ्या पोटापर्यंतच्या पाण्यात उभ्या राहून रवंथ करायल्या होत्या.

आता लाजेची गोष्ट. लहानपणी बाबांनी पाठीला डबा बांधून मला विहिरीत सोडलं होतं. ज्या दिवशी डबा सोडायचा, त्या दिवशी मी बाबांशी भांडून विहिरीतून निघून आलो तो आलोच. म्हणून हाताला लागेल ते धरलं.

"काठ धर की बोटीचा!" मल्हारी ओरडला. "शेळीचा पाय सोड!"

सुकेशनीनं माझी कॉलर धरली आणि काठ येईपर्यंत सोडली नाही. काठावर आल्यावर माझं जॅकेट उचलून माझ्याच हातात दिलं. ते जास्त लागलं.

पांढरी बोट घेतली. लालीला दलालानं दोर लावून बाहेर काढलं आणि माझ्याशी न बोलता टेम्पोत घालून नेलं. मी मात्र तसाच, ओल्या कपड्यानिशी, सरांपुढं उभा राहिलो आणि मागणी घालून टाकली. (मनात पक्कं केलं होतं ना.) सर चष्मा पुसत म्हणाले, आधी पोहायला शीक, मग बोलू. मी तावात म्हणलं, पंधरा दिवसांत दाखवतो. असो. मामांना माझा जय भीम, आणि काळजी नसावी.

तुमचा, अजून पुरता न वाळलेला,
धम्मदीप

ता. क. तुमच्या शेतातली विहीर औंदा भरलेली हाय असं ऐकलं. आठ-दहा दिवस येऊ का? तुमी फक्त काठावर बसून दोर धरायचा. इथं शिकायला लागलो तर सगळं गाव डबे घेऊन बघायला येईल. बाबांना सांगा, कापूस वेचायला बोलावलंय.

ता. क. दुसरी. पोस्ट पलीकडच्या गावात हाय, म्हणून हे पत्र सुकेशनीपाशीच देतो. ती दुसऱ्याची पत्रं वाचत नाही, तेवढी तत्त्वाची हाय. म्हणून मोकळेपणानं लिहिलं.

आत्या, जय भीम. मी सुकेशनी. पाकीट चिकटवलेलंच नव्हतं. पोहायची अट आमच्या बाबांची आहे. माझी अट त्याने तुम्हाला कळवलेली नाही. कॉलेज पूर्ण करायचं, ही ती अट. परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख वीस आहे. तेव्हा त्याला एकोणीसला परत पाठवा, पोहता येवो न येवो. बाबांशी मी बोलते.