धुरीचा ओवा

लालबाग, ४ डिसेंबर १९८२

तीर्थरूप आईस,
कुंदाचा तुझ्या पायांशी नमस्कार.

बाळाची छाती भरली होती, आता उतार आहे. डॉक्टर म्हणाले, "बाई, खोलीत धूर नको. उदबत्तीसुद्धा नको." म्हणून तू सांगितलेली ओव्याची धुरी बंद केली. सासूबाई फणकारल्या, "आमची पाच पोरं काय धुरीशिवाय वाढली?" देवापुढे नुसती फुलं वाहते. देव समजून घेईल.

संपामुळे हे घरीच असतात, बाळाला खांद्यावर घेऊन गॅलरीत फिरवतात. मी बसल्या जागी पेंगते, एवढंच.

बाबांचा गुडघा कसा आहे?

आज बाळ धाप न लागता दूध प्यायलं. तू रागावू नकोस आणि ओवाही पाठवू नकोस. जमलं तर तूच ये.

तुझी,
कुंदा