अनूचा कागद

महाड,
ता. ९ फेब्रुवारी १९६०

चि. अवधूतास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. ‘ताई, तुझ्या अनूचा कागद अगदी स्वच्छ आहे’ हे वाक्य यांनी घरभर वाचून दाखवलं आणि पार चवदार तळ्यापर्यंत पेढे वाटले. सासूबाईंनी देवीची ओटी भरली. लहानपणी शाईचे डाग पाडून मार खाणारा माणूस आता डाग बघायचा पगार घेतो, असं हे तुझ्याबद्दल सगळ्यांना सांगतात.

अच्युत बरा आहे. म्हणजे आहे तसाच. पाच वर्षांचा झाला, अजून ‘आई’ म्हणत नाही. केस तसेच भुरे, आणि अंगाला तो उंदरासारखा वास. गेल्या वर्षी तुझ्या मुंबईच्या प्रयोगशाळेत तू त्याच्या लघवीचा थेंब कागदावर घेतलास, कागद काचेच्या पेटीत टांगलास, मग वर औषध फवारलंस. केवढा जांभळा डाग उमटला होता! डाग जितका मोठा नि गडद, तितकं ते डोकं नासवणारं द्रव्य अंगात साचलेलं, हे तूच समजावलंस. पुढचं मूल झालं तर महिन्याभरात त्याचा कागद पाठव, वेळेत कळलं तर विलायतेहून खास दूध मागवू आणि डोकं वाचवू, असंही म्हणालास.

कागद उशिरा आला म्हणून तू रागावलास, तेव्हा मी सासूबाईंवर ढकललं. तान्ह्याचं काही घराबाहेर गेलं की करणी होते, असं त्या म्हणतात म्हणून लिहिलं. खोटं होतं ते. त्या बिचाऱ्या रोज विचारत होत्या, “पाठवलास का गं?”

पाठवला. पण तो अनूचा नव्हता.

आमच्याकडे कामाला येणारी साळूबाई पोलादपूरकडची. तिचा नातू अनूच्याच वयाचा. त्याच्याखाली धरायला मी तिला कागद दिला.

“वैनी, माज्या नातवाचं मूत मुंबयला कशाला गो? तितं पोरं नाय काय?” म्हणून ती हसली. मीही हसले. मग कागद सावलीत वाळवला आणि पाकिटावर अनूचं नाव घातलं.

का केलं, विचारशील. हा दोष दोघांकडून येतो, असं तू लिहिलंस खरं, पण इथे तो माझ्या एकटीच्या माहेरचा ठरला. तरी खरं कारण तेही नाही. मला एकदा तरी चांगली बातमी हवी होती, खोटी का असेना. मी इतकी भित्री आहे, हे मलाही माहीत नव्हतं.

काल अनूची लंगोटी धुताना तोच वास आला. पुन्हा हुंगून पाहिली. तोच. अवधूत, पोटच्या पोरीचा दीड महिना मी खाल्ला रे. तिचं डोकं नासत होतं आणि मी लोकांच्या हातावर पेढे ठेवत होते.

सोबतचा कागद अनूचा आहे. आज सकाळी मीच धरला.

यांना अजून बोलले नाही. सांगायला म्हणून समोर बसते आणि अच्युतला भरवायचं निमित्त करून उठते. मला काय शिव्या द्यायच्या त्या वेगळ्या पत्राने दे. निकाल मात्र मला कळवू नकोस. यांच्या नावाने, हे शिकवतात त्या शाळेच्या पत्त्यावर तार कर. घरी आली तर ती माझ्या हातात पडेल, आणि मी लपवीन.

तुझी,
कालिंदी