योद्ध्यांच्या देशातलं मीठ

बाबा, त्या दुपारी तुम्ही मोहने गावातल्या कारखान्यातून पहिली पाळी करून आलात, तेव्हा मी स्वयंपाकघरात फरशीवर ग्राफ पेपरचे चार कागद चिकटवून एक देश काढत बसलेले. ठाकुर्लीच्या चाळीतल्या आपल्या दोन खोल्या, आई भाकऱ्या थापतेय, आणि मी अकरावीत. शेजारच्या मैत्रिणीच्या मामाने मस्कतहून एक खेळ आणला होता. त्यात फासे होते, नियमांचं जाडजूड पुस्तक होतं, आणि बाकी सगळं जग आपणच रचायचं. आम्ही तिघी मैत्रिणींनी ते वाटून घेतलेलं. एकीकडे जादूगारांचं शहर, दुसरीकडे बेटं, आणि माझ्या वाट्याला योद्ध्यांचा देश आला. मी उघडेबोडके डोंगर काढले, त्यावर सात किल्ले आणि मधोमध तलवारी घडवायची भट्टी. जाम खूश होते.

तुम्ही चहाची बशी हातात घेऊन कागदावर वाकता. मला वाटतं, आता ओरडणार. पण तुम्ही विचारता, "सगले लराया जातान, मंग भात कोन लावतं गो?"

"ते लुटून आणतात," मी म्हणाले.

"आनि मीठ?"

मला हसूच आलं. जादूच्या खेळात मीठ कोण विचारतं? तुम्ही मात्र माझी पेन्सिल घेतलीत आणि डोंगराच्या पायथ्याशी खाडी काढलीत, खाडीला बांध, बांधाआड मिठागराचे चौकोन, उंचवट्यावर घरं. हात थांबेना. कळव्याच्या बाजूचं आपलं गाव होतं ते. मी तीन वर्षांची असताना आपण ते सोडलं. शेतात खारं पाणी शिरलं म्हणून सोडलं, एवढंच मला ठाऊक. "मानसं उगाच लरत नाय," तुम्ही म्हणालात. "कोनी बांध फोराया आला की लरतान." आणि मग त्याच आवाजात, जरासुद्धा न बदलता, तुम्ही पुढचं सांगितलंत. भराव घालायला आलेली माणसं आपला बांध फोडायला लागली, तेव्हा तुम्ही फावडं उगारलंत आणि समोरच्या एकाची दोन बोटं चिखलात पडली. "वीस-बावीसचा असल. मजुरीवर आनलेला. माज्यासारकाच." गावाने प्रकरण मिटवलं, पण तुम्हाला त्या बांधावर पुन्हा पाय ठेववेना.

आई तव्यासमोर तशीच बसलीय. भाकरी करपल्याचा वास येतोय आणि मी तुमच्या हातांकडे बघतेय. झुरळसुद्धा सुपलीत धरून बाहेर सोडणारे हात. पेन्सिल खाली ठेवून तुम्ही म्हणालात, "ह्ये घरातच ठेव गो," आणि मोरीत तोंड धुवायला गेलात.

तीन दिवससुद्धा ठेवलं नाही मी. मैत्रिणींसमोर नकाशा पसरला तर त्या खिदळायला लागल्या, "योद्ध्यांच्या देशात मिठागरं? शी!" माझं डोकं फिरलं आणि मी सगळं सांगून टाकलं. हळूहळू दोघी गप्प झाल्या. "बाप रे, तुझे बाबा?" तेव्हापासून माझ्या योद्ध्यांना कुणी हसलं नाही. पण आठवड्याभरात शेजारच्या काकूंनी मुलीला आपल्याकडे पाठवणं बंद केलं, आणि तुम्ही समोर दिसलात की त्या दार लोटून घ्यायच्या. तुम्ही मला एकदाच विचारलंत, "तू काय बोललीस का कोनाला?" मी नाही म्हणाले. तुम्ही मान हलवलीत. त्यानंतर तुम्ही त्या दारावरून खाली बघून जायचात. माझ्या बारावीच्या निकालाआधी छातीत कळ येऊन तुम्ही गेलात, तोपर्यंत तसेच.

परवा ठाण्याला एका लग्नात तीच शेजारची मैत्रीण भेटली. केस पिकलेत तिचे. आपल्या मुलाला हाक मारून ती म्हणाली, "हिच्या वडिलांनी एका माणसाचा अख्खा हात तोडला होता, माहितीय?" हात कुणी सांगितला हिला, असं ओठांवर आलं आणि तिथेच अडकलं. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीये, म्हणून लिहिते. हात मीच सांगितला होता, बाबा. दोन बोटं म्हणाले तेव्हा त्या दोघींचं हसू थांबलं नव्हतं.