शंकरपटात जुनी झूम

५ जाने. २००३, नागभीड
झूम लेन्स आली. ७०-२१० मिमी, ऑटोफोकस, नागपूरहून जुन्या मालात, स्वस्तात. रबर सैल, काचेआड धूळ. स्टुडिओवाले रामूभाऊ म्हणाले, "काऊन बे, कॉलेज सोडून हे भंगार?" उत्तर तोंडात होतं. गिळलं. रोल त्यांच्याच डार्करूममध्ये धुवायचाय.

८ जाने.
भिंतीवर पेपर चिकटवून ब्लॅक-व्हाइट रोल संपवला. ७० ला अक्षर न् अक्षर वाचता येतं. २१० ला सगळं दुधाळ. छिद्र लहान करून एफ आठवर नेलं की सुधारते. कोऱ्या भिंतीवर मात्र नुसती घुर्रघुर्र, मागेपुढे. तिला ठळक काठ लागतो, मगच पकडते.

११ जाने.
संगीताला मागणी घालायला तिच्या बाबांना, देवाजीभाऊंना, भेटलोच शेवटी. बैलांना खरारा करत होते. पाठ न वळवता: "पोरीचं मंग पाहू. तू करतं काय, ते सांग."
"फोटो काढतो."
"मंग शंकरपटाच्या शर्यतीत आमच्या जोडीचा काढून दाखव. खूर दिसले पाह्यजेत."
दाखवतोच! समजतात काय मले...

१४ जाने. शंकरपट.
धावत्या जोडीमागे झूम पुरत नाही. धूळच पकडते. म्हणून आधी फोकस धरायचा, ऑटो बंद करायचं, जोडीची वाट पाहायची. धरायला ठळक काठ हवा. पलीकडे बांबूंच्या कठड्याशी सं. उभी. पिवळी ओढणी, काळा काठ. झटक्यात पकडली. देवाजीभाऊंची जोडी सुसाट आली. दाबलं. जोडी पहिली!

१७ जाने.
रोल धुतला. बैल म्हणजे पांढरा फराटा. मागे सं., ओठ दाबून हसताना, पापण्यांसकट साफ. जोडी अलीकडून धावली, फोकस पलीकडे. गाढवा, धावपट्टीला लागून झेंडा रोवलेला होता ना!
रामूभाऊंनी भिंग लावलं. "लेन्स चांगली आहे रे. माणूसच बिघडला."

१८ जाने.
बुधवारी सं.ला पाहायला चामोर्शीचे पाहुणे. कळल्यावर डोकं भणाणलं. तोच फोटो घेऊन देवाजीभाऊंकडे गेलो.
"बैल कुठी आहेत?"
"नाई आले. उद्याच्या पटात पुन्हा काढतो."
"अन् हे?" त्यांचं बोट तिच्यावर.
उभा राहिलो, हललो नाही. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ धरला. मग टोपीखाली ठेवला. परत दिला नाही. म्हणाले, "उद्या सकायी लवकर ये. बैलं आधी दिसू दे तुले, पोरगी मंग."

उद्या झेंड्यावर फोकस. एफ आठ. सं. कुठी उभी आहे, पाहायचंच नाही.