डॉक्टरले सांगितलं ते

इचलकरंजी
२ सप्टेंबर २००२

सौ. प्रभावतीस उकंडाचा आशीर्वाद. वि. वि. मी बरा आहे, तुमी दोघी सासवा-सुना बऱ्या असान असं धरून चालतो.

तुझं पत्र भेटलं. पाकिटावर माझं नाव होतं म्हणून उघडलं, आत मात्र अनिमेष डॉक्टरच बसला होता. डॉक्टर मोटारसायकलनं येते, डॉक्टर चटईवर मांडी घालून बसते, डॉक्टर बिनसाखरेचा चहा पेते. म्या दोन वर्ष तुह्या हातचा चहा पेला. मले साखर किती लागते हे तू कधी कोणाले लिहिलं काय?

दारव्ह्याच्या संस्थेनं तुले बाळंतिणीच्या घरी जाचं काम देलं, तवा मी नाही म्हटलं नाही. सातवी शिकली आहे, घरी बसून करन काय, असं वाटलं. पण इथं माह्यासंग मागावर असलेला आपला फुलसिंग राखीले गावी गेलता. तो सांगते का डॉक्टर आपल्या अंगणात दुपारपर्यंत बसून होता, तू बोलत होती आन् रडत होती. पोरगी गेली तवा तू माह्यासमोर रडली नाही. त्याच्यासमोर कायले रडली, ते लिही.

इकडं चार माग सांभाळून राह्यलो. डोकं घराकडं गेलं का सूत तुटते आन् शेठ वरडते. कापसाले भाव असता त कायले आलो असतो एवढ्या दूर.

आईले नमस्कार सांग. माया राहू दे, त्या चहातून उरली असन तेवढी.

तुहा,
उकंडा

---

बोरी अरब
११ सप्टेंबर २००२

ती. स्व. घरधन्यांस प्रभावतीचा नमस्कार. वि. वि. इकडं सगळं ठीक आहे. बोंडं भरली आहेत, आत्याबाईंचे गुडघे सोडून बाकी सगळं चालते.

तुमचा राग पोचला. डॉक्टर बिनसाखरेचा चहा पितात, कारण आत्याबाई साखर टाकतच नाहीत. डॉक्टरांना आत्याबाईंची, म्हणजे तुमच्या आईची, भीती वाटते, हे फुलसिंगभाऊंनी सांगितलं नसन.

आता कामाचं लिहिते. ज्या घरी महिन्याच्या आतलं बाळ जाते, त्या घरी संस्थेचे लोक जाऊन काय झालं ते इचारतात. दोष कोणालेच देत नाहीत. मग महिन्याच्या बैठकीत सगळे गोल बसतात, डॉक्टर, नर्सबाई, हंसाबाई सुईण आन् आमी गावच्या बाया. घराचं नाव न घेता जे झालं ते सांगतात आन् आता आपण काय बदलायचं ते ठरवतात. जे ठरलं ते पुढच्या शिकवणीत येते. उपयोग झाला का नाही, हे परत मोजून पाहतात.

आपल्या पोरीचंही इचारायले आले होते. म्या सांगितलं. ते ऐकून डॉक्टरांनी बैठकीत आधी आपलीच चूक सांगितली. म्हणाले, आपण बायांना शिकवलं का घरी जाऊन बाळ दूध पिते काय ते इचारा, पण कोणाले इचारा हे शिकवलं नाही. दारात सासू उभी राहते, सासूच हो म्हणते. आता आमी सासूले चहाले लावतो आन् बाळंतिणीले एकटीले इचारतो. हे माह्या सांगण्यातून निघालं. खोटं कायले लिहू, मले बरं वाटलं.

जेवण वेळेवर घ्या. लोभ कमी करू नका.

तुमची,
प्रभावती

---

इचलकरंजी
२० सप्टेंबर २००२

सौ. प्रभावतीस आशीर्वाद.

नाव न घेता सांगतात म्हणते. बोरीत त्या थंडीत किती पोरी गेल्या का लोकाले समजणार नाही? म्हणजे हंसाबाईले माहीत, नर्सबाईले माहीत, त्या चष्मेवाल्या डॉक्टरले माहीत. एका बापालेच माहीत नाही. मले त पाचवीच्या आधी खोलीत येऊ देलं नाही, आन् पाचवी आलीच नाही. माती द्याले तेवढं बोलावलं.

माह्या आधीचे दोघं गेले, तवा कोणता डॉक्टर आला होता चटईवर बसाले? मी झालो त मले उकिरड्यावर ठेवलं, उचललं, आन् नाव उकंडा ठेवलं. झाला इलाज. मी जगलो का नाही?

तुले बरं वाटलं हे वाचून मले दोन दिवस भाकर गोड लागली नाही. आपलं दुःख तू त्याले देलं, तो ते शिकवणीत घेऊन गेला, आन् मी इथं दुसऱ्याच्या धोतराचं कापड इनून राह्यलो.

दसऱ्यानंतर काम सोड आन् इकडं ये. खोली पाहून ठेवली आहे. फुलसिंगची बायकोही येते, दोघी मिळून मागासाठी कांड्यांवर सूत भरान. नाही आली त मीच येतो, आन् त्या डॉक्टरले अंगणातून उठवतो.

उकंडा

---

बोरी अरब
३० सप्टेंबर २००२

ती. स्व. घरधन्यांस नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र आत्याबाईंनी माह्याकून वाचून घेतलं. उकिरड्यापाशी आली त मी अडखळली, त्या म्हणाल्या वाच. मग बराच वेळ कापूस निवडत बसल्या. नंतर आपणहून बोलल्या, का तुमच्या आधीचे दोघंही पुसाच्या महिन्यातच झाले होते आन् दोघंही आपल्या पोरीसारखेच थंड पडले होते. मी म्हटलं, हे कधी सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, इचारलं कोणं? पुढच्या बैठकीले त्याही येतो म्हणतात.

मी येत नाही. रागावा, पण येत नाही. आपल्या गल्लीत दोघी दिवसात आहेत, दोघींचंही बाळंतपण थंडीच्या तोंडावर आहे. तुमाले यायचं असन त या, घर तुमचंच आहे. डॉक्टरले उठवाले मात्र येऊ नका.

तुमाले वाटते, त्यानं जादू केली. त्यानं एवढंच इचारलं, मग काय झालं? आन् गप्प बसला. मी थांबली का तोही थांबे. तुमी माती देऊन आले आन् भिताडाकडं तोंड करून झोपले. आठ दिवसांनी एसटीत बसले. मी कोणाले सांगू?

तब्येत सांभाळा. रागात का होईना, लिहीत जा.

प्रभावती

---

इचलकरंजी
९ ऑक्टोबर २००२

प्रभा, आशीर्वाद.

चार कागद फाडले. शिव्याच येत होत्या, त्याच्याही आन् तुह्याही. फुलसिंग म्हणते, एवढा जळतं त सूत पेटन. जळतोच. त्यानं माह्या आधी इचारलं, हे काही माह्या पोटातून जात नाही.

तू नको येऊ. त्या दोघींचं कर.

मी इचारतो. मग काय झालं?

उकंडा

---

बोरी अरब
१८ ऑक्टोबर २००२

घरधन्यांस नमस्कार.

झाली तवा चांगली रडली. हंसाबाईनं लगेच आंघोळ घातली, सुपात ठेवली, पुसातला गारठा होता. पहिलं दूध पिळून मातीत टाकलं. कापसाच्या बोळ्यानं गुळाचं पाणी देलं. तवा सगळे असंच करत, हंसाबाईनंही करताना देवाचं नाव घेतलं होतं. आता तीच म्हणते, आधी पुसा, गुंडाळा, छातीशी धरा.

दुसऱ्या दिवशी ती दूध ओढेना. पाय थंड लागत होते. मले वाटलं, बोलली त नजर लागली म्हणून तिले माह्यापासून उचलून नेतील. म्हणून पदरात धरून बसली. त्या दिवशी तुमी बाहेरून इचारलं होतं, कशी आहे? म्या आतून ऐकलं. आत्याबाई म्हणाल्या, झोपली आहे. तुमी बरं म्हणून गेले. तुमी मले हाक मारली असती त मी बोलली असती का, हे मले आजही माहीत नाही. सकाळी ती नव्हती.

हे सगळं डॉक्टरले सांगितलं. तुमचं जळणं खरं आहे, तुमाले आधी सांगायले पाहिजे होतं.

ती कोणासारखी होती, हे त्यांनी इचारलं नाही. त्यांच्या कामाचं नव्हतं. म्हणून कोणालेच सांगितलं नाही, आत्याबाईंलेही नाही. कान तुमच्यावानी होते, बाहेर निघालेले. मी बोटानं चपटे करून पाही आन् ते परत उभे राहत. मले हसू येई.

दिवाळीले या. एवढंच मागणं.

तुमची,
प्रभा