आळेफाट्याला उपाशीपोटी रक्त देण्याबद्दल

पिंपरी पेंढार,
ता. १८ फेब्रुवारी २००४

ती. हौशीरामभाऊ यांस,

गोरखचा नमस्कार. तिकडे आणे गावी तुम्ही, वहिनी, मुलंबाळं आणि तुमचा उजवा गुडघा सगळे बरे असाल असं धरून चालतो. इकडे सर्व ठीक आहे असं लिहिण्याची पद्धत आहे, म्हणून तसं लिहून पुढच्या मजकुराला लागतो.

तुमची बहीण भाद्रपदात गेली, तेव्हापासून मी वाळत चाललो आहे हे तुम्ही वर्षश्राद्ध व्हायच्या आतच दोनदा बोलून दाखवलं आहे. शर्ट खांद्यावरून उतरतो. हात कापतो (बँकेतल्या साहेबांनी माझी सही माझी नाही म्हणून परत केली, आणि मला ते पटलं). छाती धडधडते, झोप लागत नाही, आणि माघातल्या थंडीत सगळं गाव शेकोटीला बसलेलं असताना मी बनियनवर अंगणात फिरतो. गावाचं म्हणणं, हे दुःखाचं आहे. मी काही बोललो नाही, कारण दुःख तर होतंच, आणि बोलण्याची मला सवय नाही. पण संक्रांतीला अश्विनी माहेरी आली, तिनं माझा हात हातात धरून पाहिला आणि चिंचवडला फोन लावला. जावयांनी कुठल्याशा पेपरातली जाहिरात वाचून दाखवली, की सगळ्या अंगाची तपासणी, साखर, चरबी, लिव्हर, किडनी आणि वर थायरॉईडचे हार्मोन, एकाच सुईत. मग तिनं मला अट घातली. रिपोर्ट चांगला आला तर तात्या इथं राहतील. नाही आला तर घराला कुलूप लावून चिंचवडला, चौथ्या मजल्यावर. चिंचवडबद्दल माझी तक्रार नाही. पण तिथं गॅलरीत बसलं की समोरच्या गॅलरीत माझ्याच वयाचा एक माणूस बसलेला असतो, आणि आम्ही दोघं संध्याकाळपर्यंत एकमेकांकडे बघत नाही. मला इथं राहायचं आहे, भाऊ. म्हणून मी या रक्ताच्या तयारीला दहावीच्या परीक्षेसारखा लागलो.

आळेफाट्याच्या लॅबमधल्या बाईंनी सांगितलं, की रात्री लवकर जेवा, नंतर बारा तास पोटात फक्त पाणी. चहा नाही, तंबाखू नाही, आदल्या दिवशी जड काम नाही. हे मला सोपं वाटलं. अवघड काय आहे ते त्या बाईंना ठाऊक नव्हतं, कारण त्यांच्या घरात इतक्यात कोणी गेलेलं नसावं. ज्याच्या घरी माणूस गेलं आहे त्याला आपल्याकडे वर्षभर कोणी उपाशी ठेवत नाही. पुढे आलेला घास त्यानं परत करायचा नसतो, केला तर देणाऱ्याच्या मनाला लागतं. मी सकाळी निघालो तर ओट्यावर चिमावहिनी (आमच्या चुलतभावाची मंडळी, तुम्ही ओळखता, दहाव्याला सगळ्यांत मोठ्यानं रडल्या त्या). तोंड धुतलेलं, कपडे घातलेले, आणि चुलीला धूर नाही, एवढं त्यांनी एका नजरेत पाहिलं.

"काय भावजी, च्या बी घेतला न्हाई?"

मी म्हणालो, आज काही घ्यायचं नाही.

"आसं उपाशी ऱ्हाऊन गेलेलं मानूस माघारी येतंय व्हय? बसा गुमान."

आता इथं रक्ततपासणीचं सांगायला हवं होतं. पण मग कशाची, का, अश्विनी काय म्हणाली, चिंचवडला कधी जाणार, हे सगळं सांगावं लागलं असतं, आणि तेवढे शब्द सकाळी माझ्याजवळ नसतात. मी बसलो. बाजरीची भाकरी, ठेचा आणि गोड चहा झाला. लॅबमधल्या बाईंनी विचारलं, काही खाल्लंय का. मी खरं ते सांगितलं. त्यांनी सुई परत ठेवली.

दुसऱ्या वेळी मी शहाणपणा केला. पुढच्या दारानं न जाता मागच्या वावरातून, अजून नीट उजाडलं नव्हतं तेव्हा, बांधाबांधानं रस्त्याला लागायचं ठरवलं. त्या वाटेवर आमची विहीर आहे हे माझ्या लक्षात होतं. पण ते दुसऱ्या कोणाच्या लक्षात येईल हे नव्हतं. शेजारचा संपत लाईट आल्यामुळे कांद्याला पाणी भरत होता. त्यानं काय पाहिलं, तर बायको गेलेला माणूस, अंधारात, चपला हातात घेऊन (दव होतं, आणि चपला नव्या होत्या) विहिरीच्या कडेनं चालला आहे. तो चिखलातून धावत आला आणि त्यानं मला मागून कमरेला अशी मिठी मारली की आम्ही दोघं कांद्यात पडलो. विहिरीपासून लांबच पडलो, पण त्यात त्याची हुशारी किती आणि चिखलाची किती हे सांगता येत नाही.

"तात्या, न्हाई सोडायचो तुमाला. अश्विनीताईला मी काय तोंड दावू?"

मी त्याला म्हणालो, अरे, मी रक्त द्यायला चाललोय. हे ऐकून त्यानं मिठी आणखी घट्ट केली. मग त्याच्या घरी नेलं, घोंगडं पांघरलं, बायकोला उठवलं, आणि दोन कप चहा नि पुडाभर बिस्किटं माझ्या पोटात जाईपर्यंत तो माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बसला. उन्हं वर येईपर्यंत गावात बातमी झाली होती. दोन दिवस माझ्या विहिरीवर कोणी ना कोणी बिडी ओढायला येऊन बसत होतं, आणि गावात सगळ्यांनाच माझ्याशी हवापाण्यावर बोलावंसं वाटत होतं. चिमावहिनींनी रहाटाचा दोर सोडून घरी नेला तो अजून दिलेला नाही.

शेवटी मला सगळ्यांना सांगावंच लागलं. एवढं मी सबंध नोकरीत बोललो नसेन. तिसऱ्या वेळी संपतनं स्वतः मोटरसायकलवर नेलं, आणि वाटेत कोणी हात केला की तो वेग कमी न करता ओरडायचा, "खायला दिऊ नका, तपासनी हाय!" अशा रीतीनं रक्त निघालं.

रिपोर्ट आला तो संपतच्या ओट्यावर वाचला गेला. साखर बरी, चरबी बरी, किडनी बरी. थायरॉईडच्या ओळीला मात्र ठळक अक्षर होतं आणि टीएसएच म्हणून जे काही असतं ते जवळजवळ शून्य होतं. संपत खूश झाला. म्हणाला, रोग शून्यच आहे की, राव. पण माझा जन्म येडगावच्या धरणावर पाण्याची पातळी मोजण्यात गेला. शेजारच्या रकान्यात कमीतकमी किती हवं ते छापलेलं होतं, आणि आकडा त्याच्या बराच खाली होता. उन्हाळ्यात असा आकडा वर कळवला की आमचे साहेब जेवण सोडून जीप काढायचे.

मग संपतनं मला डॉक्टरांकडे नेलं, आणि त्यांनी समजावलं ते मला धरणाच्याच हिशेबानं कळलं. हे टीएसएच म्हणजे पाणी नव्हे, पाणी सोडा म्हणून वरून येणारा हुकूम. कालवा आधीच फुटेस्तोवर भरलेला असला की वरचं ऑफिस हुकूम पाठवायचं बंद करतं. म्हणजे माझ्या अंगात थायरॉईडचं हार्मोन नको तेवढं वाहतंय, आणि वाळणं, कापणं, घाम, धडधड, सगळं त्याचंच. (ते असंही म्हणाले, की थायरॉईडला उपाशी राहावं लागतच नाही, ते साखर नि चरबीसाठी. संपत माझ्याकडे बघत होता. मी खिडकीकडे बघितलं.) मग त्यांनी विचारलं, तुम्हाला कसली गोळी चालू आहे का? मी म्हणालो, नाही, माझी एकही नाही. तेव्हा मला ते खरंच वाटलं. डॉक्टरांनी पुण्याला मोठ्या तपासणीसाठी चिठ्ठी दिली. अश्विनीला फोन गेला, आणि तिनं माझ्यासाठी खोली रिकामी करायला घेतली.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठलो, कोनाड्यातून बाटली काढली, गोळी जिभेवर ठेवली, आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावता लावता माझ्या लक्षात आलं.

अंजनाची थायरॉईडची गोळी तुम्हाला ठाऊक आहे. ती गेल्यावर लुगडी तिच्या जावांनी नेली, भांडी अश्विनीनं नेली, गळ्यातली पोत तुमच्या मंडळींकडे आहे. गोळ्यांच्या मात्र दोन भरलेल्या बाटल्या होत्या, त्या कोणी मागितल्या नाहीत. तिला बरं वाटायचं ते औषध, मला काय वाईट करणार, आणि टाकून का द्यायचं, असा विचार करून दुसऱ्या दिवसापासून मीच ती घेत होतो. दुसरी बाटली निम्मी झाली आहे. डॉक्टरांनी माझ्या गोळ्या विचारल्या होत्या. ती तिची होती.

मी एकटाच जाऊन डॉक्टरांना सांगितलं. मग त्यांनी पुण्याची चिठ्ठी परत घेतली आणि सांगितलं, की गोळी आजपासून बंद, दीड महिन्यानं पुन्हा रक्त, बहुतेक सगळं आपोआप जागेवर येईल. म्हणजे मी आजारी नाही. पण अश्विनीला हे सांगायचं कसं? आजारी बाप तिनं चौथ्या मजल्यावर नेला असता. मेलेल्या बायकोचं औषध खाणारा बाप ती डोळ्यांआडच होऊ देणार नाही. तुमचं ती ऐकते. मामानं सांगितलं की हसण्यावारी जाईल, मी सांगितलं तर जाणार नाही. तेव्हा एवढं तुम्ही करावं. वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. गुडघ्याला जपा.

तुमचा,
गोरख

ता.क. उरलेली बाटली तुम्ही येऊन घेऊन जा. माझ्यानं टाकवत नाही. वहिनींनाही थायरॉईड निघाल्याचं कानावर आलं, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना देऊ नका. हे कोण सांगतंय ते बघा.

ता.क. अश्विनीला तोंडी सांगणं जड गेलं तर हे पत्रच वाचायला द्या. विहिरीचं वाचून तिला आधी धस्स होईल, म्हणून संपतला शेजारी बसवा.

ता.क. औषध वाया जाऊ नये म्हणून घेतलं असं वर लिहिलं आहे ते बरोबर नाही. तिला गोळी घेतल्यावर अर्धा तास चहा चालायचा नाही. ती एकटी कशी थांबणार, म्हणून मीही थांबायचो. चुलीपुढे बसून ती बोलायची आणि मी ऐकायचो. दिवसभरात आमचं बोलणं म्हणजे तेवढंच, आणि मला ते पुरायचं. ती गेल्यावर पहिल्या सकाळी चहा लगेच उकळला, आणि तो न पिण्याचं काही कारण नव्हतं. मला ते सहन झालं नाही. गोळी घेतली की थांबावंच लागतं. आता गोळी बंद आहे. तुम्ही बाटली न्यायला याल तेव्हा चार दिवस राहायच्या बेतानं या. हे वेगळ्या कागदावर लिहिलं आहे. पत्र अश्विनीला द्याल तेव्हा हा कागद तुमच्याजवळ राहू द्या.