पिवळ्या शालीचा पत्रा

४ नोव्हेंबर
हासिंताचं लग्न झालंय! कॉलेज सोडलं, आता हे गावही सोडतो. उद्याच्या बसने उत्तरेला!

दुकानात शिरलो तर मालक डॉन एव्हारिस्तोंनी नवसाचा नवा पत्रा — चर्चमध्ये लावायचं आभाराचं चित्र — रंगवून वाळत ठेवलेला. पलंगावर आजारी पुरुष, शेजारी गुडघे टेकून हासिंता, वर ढगात मारियामाता. खालची पट्टी कोरी — नवस फेडणारी सांगेल तो मजकूर तिथे मी लिहायचा, माझ्या वळणदार अक्षरात. तिचा नवरा वाचला म्हणून आभार मी लिहू?

जुलैत तिच्या वडिलांकडे मागणी घातली. "बघू," म्हणाले. त्यांचं घर दूर डोंगरात; तेव्हापासून ना निरोप, ना ती. हे कारण होतं तर!

ब्रश आपटून निघून आलो.

५ नोव्हेंबर
बस चुकली. — चुकवली.

६ नोव्हेंबर
कोट राहिला होता, तो आणायला गेलो. डॉननी पत्राच पुढ्यात धरला.

"काय दिसतं, फर्मीन?"

"हासिंता आणि तिचा नवरा."

"नवरा कुठे रंगवलाय मी? बोट ठेव."

"...पिवळी शाल. पाठमोरी बाई."

"शाल हासिंताचीच. शनिवारी मजकूर सांगायला येतेय. पुढे बोला, शूरवीर!"

"पलंगावर पुरुष. काळ्या मिशा—"

थांबलो. मिशा नाहीत! दोन दिवस ज्या मिशा उपटायला हात शिवशिवत होते, त्या पत्र्यावर नाहीतच. केस पांढरे. गालफडं बसलेली. उशाशी काठी.

"मग त्या मिशा कोणी रंगवल्या रे?"

"मीच."

"हात चांगला आहे तुझा!"

म्हणजे तिचे वडील! "हाही अंदाजच," डॉन म्हणाले, "पण निदान पांढऱ्या केसांवरून केलास, डोक्यातल्या भडक्यावरून नाही."

बाहेर येऊन दोन वाट्या गरम आतोले, मक्याची गोड पेज, प्यायलो. कोट पुन्हा दुकानातच राहिला.

७ नोव्हेंबर
तिने सगळं एकटीने निभावलं असेल, आणि मी इथे मनात मिशा रंगवत बसलो. लाज वाटते. पण खरं लिहितो — लाजेपेक्षा सुटल्यासारखं जास्त वाटतंय. एक माणूस मरता मरता वाचला, आणि मी शीळ घालतोय!

९ नोव्हेंबर, शनिवार
हासिंता आली. किती वाळलीय! माझ्याकडे न बघता सांगत गेली, मी लिहीत गेलो — "माझे वडील क्रेसेन्सिओ अकरा आठवडे अंथरुणाला खिळले होते. माते, तू त्यांना उठवलंस. उठल्यावर त्यांनी लग्नाला होकार दिला, तो..."

थांबली.

"कुणाला?" मी ब्रश रंगात बुडवला. "नाव सांग."

"स्वतःचं नाव लिहिता येतं ना?"